जी जमीन आपली नाही ती सोडण्याचा ठराव: वाचनालयाच्या कार्यकारिणीस खुले पत्र

सन्माननीय अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी आपल्या वाचनालयाचा आजीव सभासद. पेडणे तालुक्यातल्या तीन शाळांमधून मराठी आणि इतिहास शिकवून निवृत्त झालो. गेल्या ३१ वर्षांत वाचनालयाची एकही वार्षिक सभा मी चुकवलेली नाही. संस्थेचे नाव या पत्रात घालत नाही. ती माझीही आहे, आणि तिचे नाव चारचौघांत खाली जावे असे मला वाटत नाही. आपल्याला दोनदा लेखी कळवले. पोच मिळाली, उत्तर आले नाही. वार्षिक सभेत ‘ऐनवेळचे विषय’ या सदराखाली दोन मिनिटे मागितली, तेव्हा वेळ संपल्याचे सांगण्यात आले. म्हणून आता उघड लिहितो आहे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी घडलेले थोडक्यात सांगतो. गेल्या गोवा मुक्तिदिनी, १९ डिसेंबरला, आपण उच्च माध्यमिकच्या मुलांसाठी वादविवाद स्पर्धा घेतलीत. विषय होता: ‘आक्रमण झालेल्या देशाने शांततेसाठी तडजोड करावी’. तिघा परीक्षकांपैकी मी एक होतो. विषय उत्तम होता, आणि मुले मनापासून तयारी करून आली होती. इतकी की शेवटच्या फेरीला मागच्या बाकावरची माणसेही उठून पुढे आली. तक्रार स्पर्धेची नाहीच. तक्रार त्यानंतर जे झाले त्याची आहे. जानेवारीच्या मासिक सभेत कार्यकारिणीने एक ठराव केला: ‘युक्रेनने गमावलेल्या प्रदेशावरील हक्क सोडून शांतता स्वीकारावी, असे या वाचनालयाच्या सभासदांचे मत आहे.’ हा ठराव वर्तमानपत्रांकडे धाडला. वार्षिकांकात तो चौकटीत छापला, त्याखाली विषयाच्या बाजूने झालेली दोन भाषणे छापली, आणि विरोधी बाजूचे एकही भाषण घेतले नाही. ज्या मुलीने विरोधी बाजू सर्वांत ठामपणे मांडली तिच्या वडिलांना फोन करून ‘मुलीला जरा समज द्या’ असे सांगितले गेले. तिचे वडील टॅक्सी चालवतात. त्यांच्या गाडीतले निम्मे पाहुणे रशियन असतात, हे फोन करणाऱ्याला माहीत होते.

सभासदांचे मत, असे आपण लिहिलेत. मी सभासद आहे. मला कोणी विचारले नाही.

या विषयावर मी इतका का अडून बसलो आहे, ते सांगायला मला ७० वर्षे मागे जावे लागेल. आमचे मूळ घर तोरश्याचे, पत्रादेवीपासून हाकेच्या अंतरावर. १५ ऑगस्ट १९५५ रोजी बांद्याकडून निःशस्त्र सत्याग्रही हद्द ओलांडून आले आणि पाखल्यांनी, म्हणजे पोर्तुगीजांनी, त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. पंजाबचे कर्नैलसिंग तिथेच पडले. मध्य प्रदेशातून आलेल्या सहोदराबाई राय यांना गोळ्या लागल्या, तरी त्या वाचल्या. गोव्याच्या सगळ्या सीमांवर मिळून त्या दिवशी वीसहून अधिक माणसे गेली. माझे वडील तेव्हा २७ वर्षांचे होते, गावात मराठी शाळा चालवीत. त्यांनी तांब्याची कळशी भरून जखमींना पाणी पाजले, एवढेच केले. दुसऱ्या दिवशी पोलीस दारात आले. आधी पेडणे, मग म्हापसा, मग आग्वादचा तुरुंग.

तिथे त्यांच्यापुढे एक कागद ठेवला गेला. पोर्तुगीजमध्ये लिहिलेला. वडिलांना पोर्तुगीज वाचता येत नव्हते. मजकूर काय आहे ते दुभाष्याने दोन वाक्यांत सांगितले: मी चुकलो, पुन्हा असल्या कामात पडणार नाही. सही केली की सुटका. वडिलांनी नाही म्हटले. बाहेर गावकरी आजीला समजावत होते, चार शहाण्या माणसांनी तर घरी येऊन सांगितले, की एका सहीने काय बिघडते, पोरगा घरी येईल, शाळा चालू होईल, शांतता होईल. आजी भेटीला गेली ती फक्त त्यांचे पाय पाहून परत आली. पायांना सूज होती. ती काही बोलली नाही. सहा महिन्यांनी ती अंथरुणाला खिळल्याचा निरोप तुरुंगात पोचला, आणि वडिलांनी सही केली.

होय, माझ्या वडिलांनी सही केली. हे मी आजवर कुठे लिहिले नव्हते. सत्याग्रहींच्या यादीत त्यांचे नाव नाही, त्यांनी ते घालूही दिले नाही. पण सही केल्याची लाजही त्यांनी कधी बाळगली नाही. मी कॉलेजात असताना एकदा कुणाबद्दल तरी बोलून गेलो की ‘त्यांनी सही करून सुटका करून घेतली’. वडिलांनी जेवता जेवता हात थांबवला. म्हणाले, ‘आत बसलेल्याने करावी किंवा करू नये. बाहेर बसलेल्याने कर म्हणू नये, आणि केली म्हणून बोलूही नये.’ मग पुन्हा जेवू लागले.

आपला ठराव वाचला तेव्हा मला ते ताट आठवले. आपण बाहेर बसलो आहोत. पेडण्यातल्या पंख्याखाली बसून आपण युक्रेनमधल्या खेर्सोनच्या माणसाला सांगतो आहोत की सही कर.

आता एकेक मुद्दा घेतो.

पहिला, छापताना जे गाळले त्याचा. परीक्षक म्हणून मी टिपणे काढली होती, ती वही माझ्यापाशी आहे. त्या मुलीचे भाषण सहा मिनिटांचे होते. तिने सुरुवात १९९४ सालापासून केली. सोव्हिएत संघ फुटला तेव्हा युक्रेनच्या भूमीवर जगातला तिसऱ्या क्रमांकाचा अण्वस्त्रसाठा उरला होता. ५ डिसेंबर १९९४ रोजी बुडापेस्टमध्ये झालेल्या करारनाम्यात युक्रेनने तो सोडायचे मान्य केले, आणि त्या बदल्यात रशिया, अमेरिका आणि ब्रिटनने त्याच्या सीमांचा मान राखू असे लिहून दिले. म्हणजे तडजोड युक्रेनने आधीच केली होती, आणि तीही शस्त्रे खाली ठेवण्याची. २०१४ च्या मार्चमध्ये रशियाने क्रिमिया घेतला. १२ फेब्रुवारी २०१५ रोजी मिन्स्कमध्ये दुसऱ्यांदा युद्धविरामाचा समझोता झाला, आणि आठवडा उलटायच्या आत देबाल्त्सेवे हे गाव रशियाच्या बाजूच्या फौजांनी लढून घेतले. मग २४ फेब्रुवारी २०२२, रशियाचे उघड आक्रमण. त्या मुलीचा प्रश्न इतकाच होता: ‘तीन कागद झाले. चौथा कागद पाळला जाईल हे कोण सांगणार, आणि नाही पाळला तर कोण धावून येणार?’ समोरच्या बाजूला याचे उत्तर देता आले नाही. उत्तर नव्हते म्हणून प्रश्नच छापायचा नाही, हे वाचनालयाचे काम नव्हे.

आपण छापलेल्या बाजूवरही अन्यायच झाला आहे, हे त्याहून वाईट. विषयाच्या बाजूने बोललेल्या मुलाचे भाषण मला फार आवडले होते, त्याला मी जास्त गुण दिले होते. त्याने फिनलंडचे उदाहरण घेतले. ३० नोव्हेंबर १९३९ ला सोव्हिएत सैन्य फिनलंडमध्ये घुसले. फिनिश लोक बर्फात साडेतीन महिने लढले, आणि मार्च १९४० मध्ये त्यांनी कारेलियासह आपल्या भूमीचा जवळपास दहावा हिस्सा देऊन तह केला. चार लाखांहून अधिक माणसे घरदार सोडून उरलेल्या फिनलंडमध्ये आली. पण देश टिकला, लोकशाही टिकली. हे सगळे आपण छापलेत. त्यापुढे त्या मुलाने जे म्हटले ते मात्र नाही. माझ्या वहीत ते आहे: ‘हा निर्णय फिनलंडच्या सरकारने आणि संसदेने घेतला. हेलसिंकीत घेतला. म्हणून तो मानाचा आहे.’ शिवाय त्याने प्रामाणिकपणे हेही सांगितले होते की तो तह पंधरा महिनेच टिकला, १९४१ मध्ये फिनलंड जर्मनीच्या जोडीने पुन्हा लढाईत होता. १७ वर्षांच्या मुलाने आपल्या बाजूची दुबळी जागा स्वतः दाखवली, आणि संपादनाच्या नावाखाली आपण ती झाकलीत. त्या मुलाचीही आपण माफी मागायला हवी.

दुसरा मुद्दा ठरावाच्या भाषेचा. ‘गमावलेला प्रदेश’ असा शब्द आपण वापरलात. ३० सप्टेंबर २०२२ रोजी रशियाने डोनेत्स्क, लुहान्स्क, झापोरिझ्झ्या आणि खेर्सोन हे चार प्रांत आपले झाल्याचे जाहीर केले आणि राज्यघटनेत घातले. झापोरिझ्झ्या शहर त्या दिवशी रशियाच्या ताब्यात नव्हते, कधीच आले नव्हते. खेर्सोन शहर होते, आणि सहा आठवड्यांनी, ११ नोव्हेंबरला, युक्रेनचे सैनिक तिथे परत आले तेव्हा बायाबापड्या रस्त्यावर येऊन त्यांच्या गळ्यात पडल्या. जून २०२४ मध्ये पुतिन यांनी शांततेची अट सांगितली ती अशी, की या चारही प्रांतांतून युक्रेनने पूर्ण माघार घ्यावी, म्हणजे लढून जे मिळाले नाही तेही आयते द्यावे. मग आपला ठराव नक्की कशाबद्दल आहे? आहे त्या रेषेवर थांबण्याबद्दल, की न गमावलेली शहरे सोपवण्याबद्दल? हा फरक लाखो माणसांच्या छपराचा आहे. आपल्याला तो ठाऊक नसेल तर ठराव करायला नको होता. ठाऊक असेल तर तो लिहायला हवा होता.

गोव्यात राहून तर ही चाल ओळखता यायलाच हवी. १९५१ मध्ये सालाझारने पोर्तुगालची घटना बदलली आणि आपल्याला वसाहतीऐवजी ‘सागरापलीकडचा प्रांत’ म्हणायला सुरुवात केली. घटनेत लिहिले, आता बोलणी कसली, असा तो पवित्रा होता. भारताने १९५० पासून बोलणी मागितली, लिस्बनमध्ये वकिलात ठेवली, ती १९५३ मध्ये बंद करावी लागली. १९६१ नंतरही पोर्तुगालने हे मान्य करायला १९७४ उजाडले. घटनेतल्या त्या ओळीने तोरश्याची माती पोर्तुगीज झाली नव्हती.

तिसऱ्या मुद्द्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण तो मराठी माणसाचा आहे. आपल्यापैकी एका सदस्यांनी मला वाटेत गाठून सांगितले, ‘मास्तर, तिकडचे लोक रशियनच बोलतात, मग रशियात गेले तर बिघडले काय?’

आमचे घर फुलाचे होते. नव्या वाचकांसाठी सांगतो: १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात ज्यांना गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा असे वाटे त्यांची निशाणी फूल होती, आणि वेगळा संघप्रदेश हवा त्यांची दोन पाने. आमच्या पेडण्यात फुलाचा जोर होता. वडील सायकलवरून गावोगाव फिरले, ‘आमची भाषा मराठी, आमचे राज्य महाराष्ट्र’ हे त्यांचे मनापासूनचे मत होते. १,३८,१७० मते फुलाला पडली आणि १,७२,१९१ दोन पानांना. आम्ही हरलो. त्या रात्री घरात दिवा लवकर मालवला गेला, एवढे मला आठवते. पण दुसऱ्या दिवशी शाळा भरली. भाषा तीच राहिली, वाचनालय तेच राहिले, कोल्हापूर-सावंतवाडीशी सोयरिकी तशाच चालू राहिल्या. भाषा एक म्हणून महाराष्ट्राने पेडण्यात रणगाडे आणले नाहीत. कोणी आणले असते तर मराठीवर जीव टाकणारे माझे वडील त्यांच्यासमोर आडवे झाले असते. सप्टेंबर २०२२ मध्ये त्या चार प्रांतांत जे ‘सार्वमत’ झाले ते बंदूकधारी सोबत घेऊन, दारोदार पेट्या फिरवून झाले. त्या दोन गोष्टींना एकाच शब्दाने हाक मारणे मला तरी जमत नाही.

आणि भाषेचे म्हणाल तर माझ्या मागच्या खोलीत दोन हंगाम राहून गेलेली एक बाई खार्किवची होती. खार्किव रशियाच्या सीमेपासून इतके जवळ, की मांद्र्याहून मडगाव त्याहून लांब पडेल. ती जन्मापासून रशियनच बोलत आलेली. परदेशी पाहुण्याच्या नोंदीचा फॉर्म सी भरायला मी वही पुढे केली की ती शहराचे नाव लिहिताना एक अक्षर खोडून पुन्हा लिहायची. आधी हाताच्या सवयीने रशियन उच्चाराने लिहायची, मग आपले. आईशी फोनवर बोलताना सुरुवात रशियनमध्ये व्हायची आणि मध्येच ती थांबून युक्रेनियन शब्द शोधायची. तिने मला मोडक्या इंग्रजीत सांगितले की चाळिशीत ती आता ही भाषा नीट शिकते आहे. त्याच हंगामात पुढच्या खोलीत रशियातला एक तरुण होता. २१ सप्टेंबर २०२२ ला तिकडे सैन्यभरती जाहीर झाली तेव्हा मिळेल त्या विमानाने निघालेला. स्वयंपाकघर दोघांना मिळून एकच. पहिले पंधरा दिवस ती त्याने लावलेल्या चहाच्या वेळी बाहेर पडवीत थांबायची. नंतर एक दिवस तिच्या गावाला वीज नसल्याची बातमी आली, आई फोन उचलेना. तो मुलगा रात्री दोनपर्यंत आपल्या फोनवरून कोणाकोणाला विचारत राहिला. आई तळघरात होती, सुखरूप होती. सकाळी मी उठलो तेव्हा ओट्यावर दोन कप विसळून पालथे घातले होते.

हे सांगतो ते अशासाठी, की मी रशियन माणसाचा वैरी नाही. माझ्या दोन खोल्यांचे भाडे त्यांच्याकडून येते. २०२२ च्या मार्चमध्ये मोरजी, आश्वे, हरमल इथे अडकलेल्या रशियन पाहुण्यांची कार्डे एकाएकी चालेनाशी झाली, एटीएममधून पैसे निघेनात, तेव्हा मी आणि माझ्यासारख्या अनेकांनी महिना महिना भाडे मागितले नाही. पुढेही मागणार नाही. पण इतिवृत्तात ठरावाचे कारण म्हणून ‘किनाऱ्यावरील व्यवसायाचे हित’ असे लिहिलेले मी वाचले, आणि मला वाईट वाटले. धंद्याची काळजी रास्त आहे, ती करावी. ती शांततेच्या नावाने करू नये. शिवाय कोणताही रशियन पाहुणा आपल्याकडे ठराव मागायला आला नव्हता. मोरजीच्या समुद्रावर माणूस येतो तो असले काही विसरायला येतो.

चौथा मुद्दा कृतज्ञतेचा, आणि तो मला हलका वाटत नाही. १८ डिसेंबर १९६१ रोजी सुरक्षा परिषदेत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी भारताने गोव्यातून माघार घ्यावी असा ठराव आणला. सात मते बाजूने पडली, आणि सोव्हिएत संघाने नकाराधिकार वापरून तो अडवला. आपल्यापैकी ज्यांनी हे काढले त्यांचे खरे आहे. ते ऋण आहे. पण त्या सोव्हिएत संघात युक्रेनही होता, म्हणजे ऋण त्यांचेही आहे. आणि त्या दिवशी ज्या सात देशांनी आपल्याला ‘शांतता राखा, बोलणी करा’ असे ऐकवले, त्यांच्याबद्दल आपल्या घरांत काय बोलले जाई ते आठवा. बोलणी आपण ११ वर्षे मागितली होती. सहन आम्ही केले होते, आणि सल्ला लांबून येत होता.

यावर कोणी म्हणेल की १९६१ मध्ये सैन्य घातले ते भारताने, मग आज आक्रमणाविरुद्ध बोलायला आपल्याला तोंड आहे का? प्रश्न रास्त आहे, मी तो टाळत नाही. माझे उत्तर असे: गोवेकर स्वतः त्या राजवटीविरुद्ध तुरुंगात गेले होते, आग्वादपासून पोर्तुगालातल्या पेनिशपर्यंत. आणि मुक्तीनंतर दोन वर्षांत, डिसेंबर १९६३ मध्ये, इथे मोकळी निवडणूक झाली. त्यात विलीनीकरण हवे की नको यावर लोक भांडले, पाखल्यांना परत आणा म्हणणारा कोणी निवडून आला नाही. दुसरे, भारतीय सैन्याच्या त्या ३६ तासांच्या कारवाईत तडजोड कोणी केली तेही पाहा. शेवटच्या माणसापर्यंत लढा, शरण जायचे नाही, असा सालाझारचा हुकूम होता. गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा यांनी तो मोडला आणि १९ डिसेंबरला वास्कोत शरणागतीवर सही केली. त्यासाठी त्यांना पुढे सैन्यातून काढून टाकले गेले. पणजी वाचली ती त्यांच्यामुळे. म्हणजे रक्तपात थांबवणारी तडजोड ताबा धरून बसलेल्यालाही करता येते. मग आपल्या ठरावात आक्रमण करणाऱ्याला उद्देशून एकही वाक्य का नाही? हल्ले थांबवा, एवढे दोन शब्दही नाहीत. कीव्हजवळच्या बुचाच्या रस्त्यांवर २०२२ च्या एप्रिलमध्ये जी प्रेते सापडली त्यांचा उल्लेख नाही. युक्रेनमधून नेलेल्या मुलांबद्दल आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने १७ मार्च २०२३ रोजी पुतिन यांच्यावर अटकेचे वॉरंट काढले, त्याचाही नाही. जमीन सोडली तर त्या जमिनीवरच्या माणसांचे आणि मुलांचे काय, हा त्या मुलीचा दुसरा प्रश्न होता. तोही माझ्या वहीतच राहिला.

आपल्या देशाचे सरकार रशियाचे जुने मित्र आहे, त्याच्याकडून तेल घेते, संयुक्त राष्ट्रांत मतदानाच्या वेळी तटस्थ राहते. त्यावर माझे मत काहीही असो. पण त्या सरकारनेही युक्रेनला भूभाग सोडा असे म्हटलेले नाही. देशांच्या सार्वभौमत्वाचा आणि सीमांचा मान राखावा, बोलणी करावी, हीच भाषा आहे. पंतप्रधानांनी समरकंदमध्ये ‘हा युद्धाचा काळ नाही’ हे सांगितले ते पुतिन यांना. दिल्ली जिथे थांबली तिथून आमचे वाचनालय पुढे गेले.

युद्ध चालूच राहावे असे मला वाटते, असे माझ्याबद्दल बोलले जाते आहे. तसे नाही. दर दिवशी दोन्हीकडची तरुण पोरे मरत आहेत. आमच्या देशातली मुलेही त्यात सापडली. युद्ध सुरू झाल्यावर आठवड्याच्या आतच खार्किवमध्ये कर्नाटकातला एक वैद्यकीय विद्यार्थी तोफेच्या माऱ्यात गेला, आणि नोकरीच्या आमिषाने रशियन सैन्यात ओढले गेलेले काही भारतीय तरुण आघाडीवर मारले गेले. युक्रेनमधली माणसेही थकली आहेत, बोलणी करून हे संपावे म्हणणारे तिथे वाढत आहेत. उद्या त्यांनी, त्यांच्या सरकारने, त्यांच्या मतांनी ठरवले की एवढे सोडतो आणि एवढे राखतो, तर मी त्यांना एका शब्दाने बोल लावणार नाही. माझ्या वडिलांना कधी लावला नाही. पण १९३८ मध्ये म्युनिकला चेकोस्लोव्हाकियाचा लचका तोडून दिला गेला तेव्हा चेक माणसाला खोलीत खुर्ची नव्हती, आणि पुढच्या मार्चमध्ये हिटलरचे सैन्य प्रागमध्ये होते. १५ ऑगस्ट २०२५ रोजी अलास्कात अमेरिकेचे आणि रशियाचे राष्ट्राध्यक्ष युक्रेनबद्दल बोलायला बसले, तेव्हाही युक्रेनचा माणूस खोलीत नव्हता. त्याच दिवशी सकाळी मी पत्रादेवीच्या स्मारकावर होतो. गोळीबाराला बरोबर ७० वर्षे झाली होती.

माझ्या मागण्या अशा:

ठराव मागे घ्यावा, किंवा तो सर्वसाधारण सभेपुढे ठेवून, दोन्ही बाजू ऐकून, मतदान घ्यावे. सभासदांनी तो बहुमताने केला तर माझे मत विरोधी म्हणून इतिवृत्तात नोंदवावे, त्यापुढे मी तक्रार करणार नाही.

ज्या वर्तमानपत्रांकडे ठराव धाडला त्यांना, तो केवळ कार्यकारिणीचा होता आणि सभासदांना विचारलेले नव्हते, असे लेखी कळवावे.

स्पर्धेतील सर्व भाषणे, दोन्ही बाजूंची, न कापता पुढच्या अंकात छापावीत.

त्या मुलीच्या वडिलांची अध्यक्षांनी स्वतः घरी जाऊन क्षमा मागावी. फोनवर नको.

पुढील वर्षापासून ‘बाहेरच्या देशांचे विषय’ स्पर्धेला ठेवू नयेत असे आपण ठरवले आहे, ते रद्द करावे. त्या मुलांनी तीन आठवडे वाचनालयात बसून नकाशे काढले होते. इतकी गर्दी मी तिथे कित्येक वर्षांत पाहिली नव्हती.

शांततेचा ठराव करायचाच असेल तर मसुदा मी देतो, आणि पहिली सही माझी: रशियाने हल्ले थांबवावेत, नेलेली मुले परत करावीत, आणि युक्रेनने काय सोडावे नि काय राखावे हे युक्रेनच्या लोकांनी दडपणाविना ठरवावे.

पुढची मासिक सभा दुसऱ्या रविवारी चार वाजता आहे. सभासदाला कार्यकारिणीच्या सभेत बोलता येत नाही, बसता येते, असा आपला नियम आहे. मी येऊन बसेन. टिपणवही बरोबर आणतो, ज्यांना वाचायची असेल त्यांनी वाचावी.

आपला स्नेहांकित,
एक आजीव सभासद
मांद्रे, ता. पेडणे, गोवा